पातीचं सूप आणि पंगतीतली जागा



मागच्या हिवाळ्यात माझ्या सासूबाईंचे उरलेसुरले दात काढले. कवळी बसेपर्यंत भाकरी चावता येईना. आम्ही जेवायला बसलो की म्हणायच्या, "तुम्ही जेवा, मला भूक नाही." मागाहून स्वयंपाकघरात एकट्याच दुधात भाकरी कुस्करून खायच्या. चारचौघांत तसं खायची त्यांना लाज वाटे. महिन्याभरात हातातल्या बांगड्या निसटायला लागल्या, तेव्हा माझे डोळे उघडले.

मुलीनं मोबाइलवर लीक-बटाट्याचं सूप पाहिलं होतं. फ्रान्समध्ये घरोघरी होणारा हा साधा प्रकार. लीक ही कांद्या-लसणाच्याच कुळातली. लांब पांढरा दांडा आणि वर चपटी पानं. आमच्या आठवडे बाजारात ती कुठून मिळणार? पण आपला नगर जिल्हा म्हणजे कांद्याचा जिल्हा. थंडीत कोवळ्या पातीला काय तोटा! तीच घेतली.

चौघांसाठी पातीची १ मोठी जुडी आणि ३ मध्यम बटाटे घ्या. डेंगळा आलेली पात नको, ती चोथट लागते. माती नीट धुऊन पांढरा भाग आणि कोवळा हिरवा भाग वेगवेगळा बारीक चिरा. पातेल्यात चमचाभर लोणी घालून पांढरा भाग झाकण ठेवून मंद आचेवर ८-१० मिनिटं शिजू द्या. तो मऊ व्हायला हवा, लाल नाही. मग बटाट्याच्या पातळ चकत्या आणि ३ कप पाणी घाला. बटाटा पळीनं सहज मोडला की हिरवी पात घालून २ मिनिटं ठेवा.

आता रवीनं घुसळा. पहिल्यांदा मी मिक्सरला भरपूर फिरवलं, तर खळ तयार झाली! शिजलेला बटाटा पात्यांखाली जास्त फिरला की चिकट होतो. शिवाय गरम सूप बंद भांड्यात फिरवलं तर वाफेनं झाकण उडतं. दात नसलेल्या माणसासाठी पुरणाच्या चाळणीतून काढा, म्हणजे धागा राहत नाही.

शेवटी कपभर कोमट दूध आणि २ चमचे घोटलेली साय घालून मंद आचेवर नुसतं गरम करा, उकळू नका. मीठ आणि मिरपूड घातली की झालं. एवढ्यावर जेवण भागवायचं असेल, तर बटाट्याबरोबर मूठभर मूगडाळही शिजवा. मधुमेह असेल तर बटाटा कमी करा.

त्या रात्री सगळ्यांच्या ताटात सारखीच वाटी ठेवली. "आत्याबाई, बसा ना आमच्याबरोबर," म्हटलं. त्या बसल्या. दोन घोट घेऊन म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय गं." इतक्या दिवसांनी त्यांनी माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलं, आणि मला फार बरं वाटलं.

मैत्रिणींनो, घरातलं म्हातारं माणूस "भूक नाही" म्हणालं, तर एकदा त्याच्या दातांची चौकशी करा. आणि मऊ जेवण त्याच्या एकट्यासाठी करू नका, सगळ्यांसाठी करा.