नातेवाईक कोण?



आज घेतलेल्या पदवीचा पहिला उपयोग नोकरीच्या अर्जाला होईल, असं तुम्हाला वाटत असेल. हिंगोलीकडच्या आपल्या गोरेगावात बहुधा तसं होत नाही. गल्लीतलं कुणी सिरियस होतं, हिंगोलीला नाहीतर नांदेडला हलवायचं ठरतं आणि म्हातारी माणसं म्हणतात, "त्या शिकलेल्या पोरीला गाडीत घ्या, डॉक्टरशी तीच बोलंल." तिथं सिस्टर फाईल पुढे करते. "नातेवाईक कोण? इथं सही करा." घाई असते. आपण न वाचताच सही करतो.

अशा सह्यांचं पुढे काय होतं, ते बघा. २०१९ साली सरकारी समितीने आपल्याच मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांची पाहणी केली. ब्याऐंशी हजारांवर बायांमध्ये तेरा हजारांवर बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. "पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल," एवढं सांगितलं की घरचे घाबरतात आणि कर्ज काढून ऑपरेशन करतात. त्या बायांच्या फायलींत संमतिपत्रं असतीलच, त्यांवर अंगठेही असतील. पण त्यांना दुसरा काही उपाय आहे का, हे कुणी सांगितलं होतं?

समीरा कोहली खटल्यात रुग्ण भुलीखाली होती. तपासणी चालू असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन त्या रुग्णाचं गर्भाशय काढलं गेलं. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जिवावर बेतलेलं नसताना सज्ञान रुग्णाच्या वतीने आईचीही संमती चालत नाही. मग आपल्याकडे सासू आणि नवरा परस्पर ठरवतात, त्याचं काय? पेशंट शुद्धीवर असेल तर कागद आधी त्याला वाचून दाखवा. ऑपरेशन कशाचं, आजच का, दुसरा इलाज कोणता, खर्च किती, हे विचारा. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचाही हक्क आहे.

बाकीचं भराभर सांगतो. राज्याच्या २०२१च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावायची असते. कागदपत्रं मागितली की ७२ तासांत द्यायची असतात. अपघाताचा रुग्ण आला तर आधी पोलीस, मग उपचार, असं म्हणता येत नाही, हे १९८९ पासून ठरलेलं आहे.

आता आपली बाजू. पोरगं फवारणीचं औषध पिलेलं असतं आणि आपण पोलीस केसच्या भीतीने डॉक्टरला सांगतो, "सकाळपासून उलट्या होतायत." कोणतं कीटकनाशक पोटात गेलं यावर इलाज ठरतो, म्हणून त्याचा डबाच सोबत न्यायला हवा. चार दिवस गावातच सुया टोचून घेतल्या असतील तर तेही सांगायचं. आपण लपवतो आणि नंतर डॉक्टरच्या नावाने बोटं मोडतो.

नुसत्या संतापाने काय होतं, तेही बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात बाळं होती. मग आपल्या हिंगोलीच्या तेव्हाच्या खासदारांनी तिथल्या प्रभारी अधिष्ठात्यांना संडास साफ करायला लावलं आणि त्याचा व्हिडिओ फिरला. संडास घाण होता, संताप रास्त होता. पण त्या व्हिडिओने कोणत्या बाळाला औषध मिळालं? खासदारांवर गुन्हा मात्र दाखल झाला आणि मृत्यूंची चर्चा झाडूवर येऊन थांबली. दवाखान्यात हात उगारणाऱ्याला २०१०च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेव्हा जमाव मागे ठेवायचं कामही गाडीतल्या शिकलेल्या माणसाचंच.

आणि तक्रार लेखी करा. तारीख, वेळ, वॉर्ड, न मिळालेल्या औषधाचं नाव लिहा. जिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात, वैद्यकीय महाविद्यालयाचं असेल तर अधिष्ठात्यांच्या कार्यालयात अर्ज द्या. आवक क्रमांक टाकलेली, शिक्क्याची पोच मागा. "उद्या या" म्हणाले तरी ती घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.