लेफ्टनंट कोलंबोचं पहिलं नाव आणि इतर थापा

हेडफोन लावलेत ना? आज थापांवर बोलायचंय. राजकारण्यांच्या थापा नव्हेत, त्यांना एक एपिसोड कुठला पुरायला! आजचा विषय आहे त्या छोट्या, गोंडस थापा, ज्या 'तुम्हाला माहीत आहे का?' असं म्हणत फोनवर येऊन पडतात. इतिहास, सिनेमा, बिस्किटं, राष्ट्रगीत, काहीही चालतं त्यांना.

निमित्त तुम्हीच दिलंय. बऱ्याच जणांचा मेसेज आहे की क्विझमध्ये एक राउंड खोट्या फॅक्ट्सचा ठेवा, आम्ही ओळखतो. ठेवू की. पण त्याआधी मला तुम्हाला काही नामांकित थापांचे प्रवास सांगायचेत, म्हणजे मग राउंडचा नियम मी असा का ठेवतोय ते कळेल.

पहिला प्रश्न. 'कोलंबो' ही जुनी अमेरिकन टीव्ही मालिका. पीटर फॉक नावाचा नट, अंगावर चुरगळलेला रेनकोट, हातात सिगार, आणि निघता निघता दारातून परत वळून 'अजून एकच विचारायचं राहिलं' म्हणायची सवय. तर या लेफ्टनंट कोलंबोचं पहिलं नाव काय?

मालिकेत ते कोणी उच्चारतच नाही. त्याला विचारलं तर तो सांगतो, लेफ्टनंट. पण १९७४ साली फ्रेड वर्थ नावाच्या गृहस्थाने ट्रिव्हियाचा एक कोश काढला आणि त्यात लिहिलं: फिलिप. फिलिप कोलंबो. हे नाव वर्थसाहेबांनी स्वतःच्या डोक्यातून काढलं होतं. मुद्दाम. उद्या कोणी आपला कोश उचलून स्वतःचं पुस्तक छापलं तर हा फिलिप त्यात सापडेल आणि चोर पकडला जाईल, असा हिशोब. शेतात ससे पकडायला फासा लावतात ना, तसा.

आणि सापडला की! ऐंशीच्या दशकात 'ट्रिव्हिअल परस्यूट' हा प्रश्नमंजूषेचा बोर्ड गेम अमेरिकेत घराघरांत पोचला. त्यातल्या एका कार्डावर प्रश्न, कोलंबोचं पहिलं नाव काय? मागे उत्तर, फिलिप. वर्थने १९८४ साली थेट ३० कोटी डॉलर्सचा दावा ठोकला. गेमवाल्यांनी कोर्टात कबूल केलं की हो, आम्ही तुमचा कोश वापरला, इतर पुस्तकंही वापरली. आणि तरी वर्थ हरला! १९८७ साली अपिलातही हरला. कारण काय? तर तथ्यांवर कोणाची मालकी नसते. आता बघा गंमत. आपण जे घडवलंय ते तथ्य नाही, हे त्या अख्ख्या खटल्यात सगळ्यात चांगलं कोणाला माहीत होतं? वर्थला. पण कोशात त्याने ते तथ्य म्हणूनच छापलं होतं. लोकांना खरं म्हणून विकायचं, आणि कोणी खरं समजून उचललं की ओरडायचं, असं कसं चालेल?

वर आणखी एक. मालिकेच्या एका भागात कोलंबो क्षणभर आपलं ओळखपत्र दाखवतो. ते चित्र थांबवून बारकाईने पाहिलं की सही दिसते: फ्रँक. बिचारा फिलिप.

नकाशे काढणारे हा फासा फार आधीपासून लावत आलेत. अमेरिकेतल्या एका नकाशा कंपनीने १९३०च्या दशकात न्यूयॉर्क राज्याच्या डोंगराळ भागात, दोन कच्च्या रस्त्यांच्या तिठ्यावर, ॲग्लो नावाचं गाव टाकलं. कंपनीतल्या दोघांच्या नावांची आद्याक्षरं ढवळून केलेलं नाव. गाव अस्तित्वातच नव्हतं. पुढे ते दुसऱ्या कंपनीच्या नकाशात दिसलं, हे धावले, चोरी चोरी! तर समोरून उत्तर आलं की तिथे ॲग्लो जनरल स्टोअर आहे, जाऊन बघा. खरंच होतं. दुकानदाराने दुकान काढलं, नाव काय ठेवावं म्हणून पेट्रोल पंपावर मिळणारा नकाशा उघडला, आणि त्यात वाचलं की या जागेला ॲग्लो म्हणतात. म्हणजे थापेने आपल्यासाठी स्वतःच पुरावा बांधून घेतला, तोही विटामातीचा. जॉन ग्रीनची 'पेपर टाउन्स' कादंबरी वाचलेल्यांना हे गाव ठाऊक असेल.

हे झाले फासे. पण ज्या थापेवर मी आज जास्त वेळ घालवणार आहे ती निव्वळ गंमत म्हणून मारलेली होती. एच. एल. मेंकन, अमेरिकेतला फार तिखट लिहिणारा पत्रकार. पहिलं महायुद्ध चालू होतं, त्याची मतं जर्मनीकडे झुकणारी, त्यामुळे युद्धावर मोकळेपणाने लिहायची सोय उरली नव्हती. मग २८ डिसेंबर १९१७ला त्याने न्यूयॉर्कच्या एका सायंदैनिकात बाथटबचा इतिहास लिहिला. म्हणे अमेरिकेतला पहिला बाथटब २० डिसेंबर १८४२ला सिनसिनाटी शहरात बसवला, त्याला आता पंचाहत्तर वर्षं झाली, आणि कोणाला त्याची आठवण तरी आहे का! महोगनी लाकडाचा टब, आतून शिशाचा पत्रा, वजन १७५० पौंड, म्हणजे आठशे किलोच्या आसपास. डॉक्टरांनी विरोध केला, आंघोळ तब्येतीला घातक म्हणून. बॉस्टनमध्ये डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय आंघोळीवर बंदी आली. व्हर्जिनियात टबवर ३० डॉलर कर लागला. शेवटी १८५१ साली राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोर यांनी व्हाइट हाउसमध्ये टब बसवला आणि मग सगळ्यांची भीड चेपली.

यातलं काहीही खरं नाही. एक अक्षर नाही. व्हाइट हाउसमध्ये आंघोळीची सोय फिलमोरच्या आधीपासून होती.

मेंकनला वाटलं लोक हसतील आणि पान उलटतील. तर त्याला आपलाच बाथटब इतर वर्तमानपत्रांत दिसायला लागला. मग डॉक्टरी लिखाणात, मग संदर्भग्रंथांत. शेवटी मे १९२६मध्ये त्याने जाहीर लेख लिहिला की बाबांनो, ती माझी थाप होती. बॉस्टनच्या एका दैनिकाने हा खुलासा छापला. आणि तीन आठवड्यांनी त्याच दैनिकाने मूळचा बाथटबचा लेख छापला, खरी माहिती म्हणून! पुढे राष्ट्राध्यक्ष ट्रुमनही ही गोष्ट पाहुण्यांना ऐकवायचे. २००८ साली एका मोटार कंपनीने जाहिरातीत फिलमोर म्हणजे बाथटबवाला म्हणून वापरला. खुलाशाला तेव्हा ब्याऐंशी वर्षं झाली होती.

मला या गोष्टीत फिलमोरचं वाईट वाटतं. माणूस एका देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला, आणि लोकांच्या लक्षात काय, तर न बसवलेला टब.

आता थाप टिकते कशी, ते मी तुम्हाला करूनच दाखवतो. पुढची दोन वाक्यं खोटी आहेत, मी आत्ता बनवतोय, क्लिप कापून पाठवू नका. 'तुम्हाला माहीत आहे का? १८८७ साली पुण्यातल्या एका वाड्यात मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी इतके पोहे संपवले की नगरपालिकेने कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात माणशी दीड वाटीची मर्यादा घातली.' बघा, सगळं काम त्या 'दीड'ने केलं. एक वाटी म्हटलं असतं तर विनोद वाटला असता. दीड म्हटलं की वाटतं, कुठेतरी दफ्तरात नोंद असणार. आणि पुणं घातलं म्हणजे नियम कोणीही मान्य करतो. मेंकनचे १७५० पौंड म्हणजे हीच दीड वाटी. २०१६ साली नोटाबंदीनंतर दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप आहे अशी अफवा आली, आठवते? त्यात काय होतं? नोट जमिनीखाली १२० मीटरवर पुरली तरी उपग्रहाला दिसेल! शंभर नाही, एकशेवीस. टीव्हीच्या बातम्यांतसुद्धा ते चाललं. रिझर्व्ह बँकेने असं काही नाही म्हणून सांगेपर्यंत कित्येकांनी नोट दिव्यासमोर धरून बघितलीच होती.

सांबाराची गोष्टही तुम्ही ऐकली असेल. छत्रपती संभाजी महाराज तंजावरला गेले, तिथल्या मराठी राजाच्या मुदपाकखान्यात आमटीला कोकम नव्हतं, म्हणून चिंच घातली आणि पाहुण्यांच्या नावावरून त्याचं झालं सांबार. ऐकायला इतकी छान आहे की मलाही ती खरी असायला आवडली असती. तंजावरचं मराठी राज्य खरं, आमटी खरी, चिंचही खरी. पण 'संभार' हा संस्कृतातला जुना शब्द, अर्थ साहित्य, सामग्री. आणि विदर्भातल्या बाजारात सांबार मागून बघा, भाजीवाली कोथिंबिरीची जुडी हातात देईल. तिथे कुठला आला पाहुणा? शब्दाला स्वतःची वाट आहे, त्याला राजवाड्यातून फिरवून आणायची गरज नाही, असं माझं मत. ज्यांना राग आला त्यांनी खाली कमेंट करा, कोथिंबिरीसकट.

तसंच पार्ले-जीच्या पाकिटावरची मुलगी. कोणी म्हणतं त्या सुधा मूर्ती, कोणी म्हणतं नागपूरच्या एक बाई. कंपनीनेच सांगितलंय की ते जाहिरात कंपनीतल्या चित्रकाराने साठच्या दशकात काढलेलं चित्र आहे, कोणा मुलीचा फोटो नाही. तरी दर वर्षी नवी आजी सापडते.

थाप मारावी कशी, हे मात्र जर्मनांकडून शिकावं. कोण म्हणतं त्यांना विनोद कळत नाही! लोरिओ नावाच्या त्यांच्या लाडक्या विनोदकाराने १९७६ साली टीव्हीवर प्राणिजगताच्या माहितीपटाची नक्कल केली आणि 'दगडी ऊ' नावाचा कीटक सांगितला, जो रोज २८ किलो दगडविटा खातो. १९८३ साली हा कीटक जर्मनीतल्या प्रतिष्ठित वैद्यकीय कोशात शिरला, शास्त्रीय नावासकट. संपादकांनी जाणूनबुजून घातला होता, वाचता वाचता डॉक्टरला हसू यावं म्हणून. १९९४च्या आवृत्तीत नोंद काढली, तर वाचक चिडले. १९९७ला ऊ परत आली, नोंद आधीपेक्षा लांब, आणि त्यात बर्लिनची भिंत पडण्याशीही तिचा संबंध जोडलेला. इथे कोणी फसत नाही. कोशवाल्याला माहीत, डॉक्टरला माहीत, दोघंही डोळा मारून पुढे जातात.

बीबीसीने १ एप्रिल १९५७ला स्वित्झर्लंडमध्ये झाडावरून स्पॅगेटी तोडताना दाखवली, ती गंमतही याच जातीची. तारीखच सांगत होती.

गडबड होते ती डोळा मारलेला गळून पडल्यावर. मेंकनच्या लेखाचं तेच झालं, आणि आता तर मधे माणूसही लागत नाही. मे २०२४मध्ये गूगलच्या एआयने एकाला सांगितलं की पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये थोडा गोंद मिसळा. हे कुठून आलं? रेडिटवर कोणीतरी अकरा वर्षांपूर्वी मारलेल्या विनोदातून. तिथे वाचणाऱ्याला कळत होतं की हा टवाळ आहे. मशीनने शब्द उचलले, टवाळी तिथेच राहिली.

म्हणून आपल्या राउंडचा नियम असा: खोटा फॅक्ट मी सांगणार, आणि त्याच दमात, त्याच क्लिपमध्ये, खोटा कोणता तेही सांगणार. 'उत्तर पुढच्या भागात' हे बंद. सस्पेन्स कमी होईल, मान्य. पण तुमच्यातले निम्मे लोक पुढचा भाग ऐकत नाहीत, मला आकडे दिसतात हं.

यामागे माझा एक स्वार्थ आहे. थापा फार झाल्या की खऱ्या गमतीवर कोणी विश्वास ठेवत नाही. आणि खऱ्या गमती माझ्याकडे भरपूर आहेत, त्या वाया गेलेल्या मला परवडणार नाहीत. ही ऐका. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' काढत होते, तारामतीच्या कामाला बाई मिळेना. कोणीच तयार होईना. शेवटी मुंबईत ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाक करणारा पोरगा त्यांनी हेरला, अण्णा साळुंके. १९१३ साली आपल्या सिनेमाची पहिली नायिका तो झाला. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. या कमलाबाई म्हणजे आपल्या विक्रम गोखल्यांच्या आजी. पण साळुंके काही थांबला नाही. १९१७ साली फाळक्यांनी 'लंका दहन' केला, त्यात सीता कोण? अण्णा साळुंके. आणि राम?

तोही अण्णा साळुंके.

फोन हातात आहेच, शोधून बघा. यातलं काही मी बनवलेलं नाही. पुढच्या रविवारी राउंड सुरू, भेटूच.