धारगडची वाट आणि आपले पाणी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



‘प्रवासातील अनुभव’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा मी संकोचलो. काशी-रामेश्वर करून आलेली आणि मुलांकडे परदेशी राहून आलेली वडीलधारी मंडळी या सभागृहात बसली आहेत. माझ्या गाठीशी सांगण्यासारखा प्रवास एकच, तोही एका दिवसाचा आणि पायी केलेला. परंतु त्या एका दिवसाने मला जे शिकविले, ते पुढील सर्व प्रवासांनी शिकविले नाही, म्हणून तोच आपल्यापुढे ठेवतो.

माझे बालपण अकोट तालुक्यातील एका पूर्णाकाठच्या खेड्यात गेले. आपल्यापैकी ज्यांची गावे खारपाणपट्ट्यात आहेत, त्यांना अधिक सांगावयास नको. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून पसरलेल्या या पट्ट्यात जमीन काळी आणि कसदार. पण विहीर खणावी तो पाणी खारट. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नसे. पाहुण्याला पाण्याचा तांब्या देताना आईचा चेहरा ओशाळवाणा होई, तो मला आजही दिसतो. गोड पाणी ही आमच्या घरी चैनीची वस्तू होती.

1973 सालच्या श्रावणातील गोष्ट. 1972 चा दुष्काळ साऱ्या महाराष्ट्राने नुकताच सोसलेला. त्या वर्षी पाऊस बरा झाला, म्हणून मामांनी धारगडच्या महादेवाला जाण्याचे ठरविले. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी तेथे यात्रा भरते, हे आपण जाणताच. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. आम्ही सात जण बैलगाडीने अकोटास आणि तेथून पोपटखेडास येऊन मुक्कामास राहिलो. दुसऱ्या दिवशी पहाटे भाकरी, ठेचा आणि कांदे अशी शिदोरी पाठीशी बांधून सातपुड्यात शिरलो.

सपाट मुलखात वाढलेल्या मुलाला प्रथमच डोंगर चढताना जे वाटते, ते शब्दांत सांगणे कठीण. वर पाहावे तो सागाचे पांढुरके फुलोरे, खाली त्याची सुपाएवढी पाने पावसाने निथळणारी. सागामधून ऐन, धावडा, तिवस, मोह यांची गर्दी. उतारांवर तेरड्याचे गुलाबी ताटवे, गवतात मुसळीचे पांढरे तुरे, ओहोळाकाठी रानहळद. मी मात्र यातले काही पाहत नव्हतो. सर्वांच्या पुढे चालावे आणि सर्वांआधी पोहोचावे, एवढीच ईर्षा मनात होती. मामा मागून ओरडले, “बाबू, कोस मोजू नोको, झाडं मोज!” मी हसलो आणि पावले अधिकच जोरात टाकली.

त्याच वेळी झुडपावर चढलेल्या एका वेलीने मला थांबविले. ज्वाळेसारख्या वर वळलेल्या पाकळ्या, कडेला लाल आणि बुडाशी पिवळ्या. ती कळलावी होती. आमच्या अंगणात ही लावावी असे मनात आले आणि काठीने मी तिचे मूळ उकरू लागलो. पाठीमागून शब्द आले, “फूल पाह्य पोरा, पन कांदा उपटू नोको. तो जहर हाय. अन् तो गेला त पुढच्या साली इथं काय उगन?”

एक वृद्ध कोरकू गृहस्थ खांद्यावर कुऱ्हाड घेऊन उभे होते. कळलावीचा कंद खरोखरच प्राणघातक विषारी असतो, हे मला पुढे पुस्तकातून कळले. त्यांना ते पुस्तकाविना ठाऊक होते. मी खजील होऊन माती परत लोटली. त्यांनी रागाचा एक शब्दही न काढता मला वाटेच्या खाली एका झिऱ्यापाशी नेले आणि पळसाच्या पानाचा द्रोण करून पाणी दिले. इतके गोड पाणी मी आयुष्यात प्रथमच प्यालो. दुसरा द्रोण पिताना मला आईची आठवण झाली, आणि खरे सांगतो, घास अडकावा तसे ते पाणी घशात अडकले.

मग मात्र मी मामांच्या बरोबरीने चाललो. दिवस कलला तेव्हा धारगडला पोहोचलो. कड्याच्या पोटातील गुहेत महादेवाचे दर्शन घेतले. परतताना त्याच झिऱ्यावर मी पितळी लोटा भरून घेतला आणि फडक्याने तोंड बांधून घरापर्यंत जपून आणला. आईने ते पाणी देवाच्या तीर्थासारखे पळीपळीने सर्वांना वाटले आणि स्वतः सर्वांच्या शेवटी घेतले.

बंधुभगिनींनो, तो लोटा मी कधी विसरलो नाही. पुढे नकाशा उलगडून पाहिला, तेव्हा उमगले की त्या डोंगराचा आणि आमच्या गावाचा संबंध यात्रेपुरता नाही. गाविलगडच्या या रांगेच्या उत्तर उतारावरून सिपना, गडगा, खापरा या नद्या तापीकडे जातात. दक्षिण उतारावरून चंद्रभागा, शहानूर, वान या पूर्णेकडे येतात. आणि पूर्णा अखेर चांगदेव येथे तापीलाच मिळते. आज वानवरील धरणाचे पाणी अकोट-तेल्हाऱ्याकडे आणि शहानूरचे अंजनगाव-दर्यापूरकडे पोहोचते. खारपाणपट्ट्यातील कित्येक सुनांना पाहुण्यासमोर ओशाळावे लागत नाही, ते या डोंगरामुळे. अकोल्यात 1944 पासून तरुण मंडळी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर कावडीने आणून राजराजेश्वराला घालतात. त्या कावडीतही सातपुड्याच्या झिऱ्यांचे थेंब असतात, याचे स्मरण आपल्याला किती वेळा होते?

आम्ही चाललो त्याच्या पुढच्याच वर्षी, 1974 मध्ये, मेळघाट व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी तो एक. अरण्य राहिले, म्हणून झिरे राहिले. परंतु त्याची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. गाभ्यातील अनेक गावे या शतकात पायथ्याशी येऊन वसली. 2010 नंतरच्या दशकात धारगडचे गावही तेथून उठले. वाघासाठी, आणि पर्यायाने आपल्या पाण्यासाठी, कोरकू कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्यांचे घर सोडले. मला द्रोणभर पाणी देणाऱ्या त्या वृद्धाचे नावदेखील मी विचारले नव्हते. ही रुखरुख मला आहे, आणि ती एकट्या माझी असू नये असे वाटते.

गेल्या श्रावणात नातवाला घेऊन पुन्हा गेलो. गुडघे साथ देत नाहीत म्हणून बहुतेक वाट जीपने झाली. यात्रेपुरता ठरावीक काळच मार्ग खुला असतो. गर्दी मोठी होती, आणि वाटेच्या कडेला रिकाम्या बाटल्या व पिशव्या तेरड्याच्या फुलांत अडकल्या होत्या. नातू म्हणाला, “आजोबा, यात पाहण्यासारखं काय आहे?” मी त्याला खाली उतरविले आणि थोडे अंतर पायी चालविले. एका वळणावर कळलावी दिसताच त्याचा हात पुढे झाला. तेव्हा माझ्या तोंडून पन्नास वर्षांपूर्वीचे ते शब्द जसेच्या तसे बाहेर पडले. तो थांबला, आणि मग झाडांची नावे विचारू लागला.

आपल्या तरुण मंडळाला माझी एवढीच विनंती आहे. येत्या श्रावणात धारगडला अवश्य जा. परवानगीच्या दिवशी, परवानगीच्या वाटेने, आणि जमेल तितके पायी. सोबत नेलेली प्रत्येक वस्तू परत आणा, वाटेत दुसऱ्याने टाकलेलीही उचला. पायथ्याशी वसलेल्या गावांत आपल्या शिष्यवृत्ती समितीने एकदा जाऊन यावे. त्या घरांतील मुलांना वह्यापुस्तकांची नड असेल, तर ती भागविणे हा उपकार नव्हे, पाण्याचे ऋण फेडणे आहे. आणि कोणी वाट दाखविली, पाणी दिले, तर आधी त्याचे नाव विचारा.