रकान्याची लांबी आणि नांवाची लांबी



पैठण ज्या जिल्ह्यांत आहे, त्याचें नांव २०२३ सालीं ‘औरंगाबाद’ऐवजीं ‘छत्रपती संभाजीनगर’ झालें. लहान नांव जाऊन मोठें आलें, तेव्हां संगणकाच्या कोशांत, म्हणजे डेटाबेसमध्यें, किती जागा वाढली असेल? प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु मराठी नांवांचा मान त्यांत गुंतलेला आहे.

संगणक जागा ‘बाइट’ या मापानें मोजतो. यूटीएफ-८ या प्रचलित लेखनपद्धतींत प्रत्येक देवनागरी चिन्हास ३ बाइट लागतात, कोऱ्या जागेस १. मात्रा व अनुस्वार हींहि स्वतंत्र चिन्हेंच. म्हणून ‘पैठण’ हीं ४ चिन्हें, म्हणजे १२ बाइट. रकाना ठराविक ४० चिन्हांचा असला, तर उरलेलीं ३६ घरें कोऱ्या जागांनीं भरून एकूण ४८ बाइट खर्चीं पडतात. रकाना बदलत्या लांबीचा असला, तर १२ बाइट मजकुराचे व १ लांबीच्या नोंदीचा, असे १३ पुरतात. मर्यादा ४० ऐवजीं ६० केली, तरी ते १३च राहतात.

पैठणच्या एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ओव्या सारख्या लांबीच्या नसतात. म्हणून पोथींत ओवी संपली कीं दंड व अंक घालतात. डेटाबेस शेवटीं खूण न करतां लांबी आधींच नोंदवितो. त्यामुळें मधला मजकूर न वाचतां पुढें जातां येतें.

या सोयीलाहि मोल आहे. ‘औरंगाबाद’ला लांबीच्या नोंदीसह २५ बाइट पुरत, नव्या नांवास ५० लागतात. नोंद फुगली आणि पानावर जागा उरली नाहीं, तर पान विभागावें लागतें किंवा नोंद अन्यत्र हलवावी लागते.

खरी अडचण मात्र निराळी आहे. ओरॅकलसारख्या डेटाबेसमध्यें, वेगळें सांगितलें नाहीं तर, मर्यादा चिन्हांत नव्हे, बाइटांत धरली जाते. २० च्या रकान्यांत इंग्रजीचीं २० अक्षरें मावतात. मराठीचीं फक्त ६ चिन्हें. एकटा ‘छत्रपती’ हा शब्दच २१ बाइटांचा! नोंद नाकारली जाते, आणि मग नांव तोडून बसविण्याचा मोह होतो.

तेव्हां रकाना आंखणाऱ्यानें मर्यादा चिन्हांत मोजावी व ती उदार ठेवावी. बदलत्या लांबीच्या रकान्यांत मर्यादा आंवळून जागा वांचत नाहीं. माणसाचें नांव मात्र अपुरें राहतें.