फुलपाखरं बघायला कुठं जावं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीट करून दिला आहे.)



बोलायला उभी राहायची मला सवय नाही. पस्तीस वर्षं पोस्टात काउंटरच्या आत बसून काढली, तिथं बोलायचं काम समोरच्या माणसाचं असतं. पण सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "काकू, तुम्ही ती फुलपाखरांची सहल केलीत ना, त्यावर बोला. कट्ट्यावरच्या चार जणांना जायचं आहे, कुठं जायचं ते कळत नाही." म्हणून उभी आहे. आमचे हे तिकडे दुसऱ्या रांगेत कडेला बसले आहेत. माझं काही चुकलं तर ते काठी वर करणार आहेत, असं ठरलं आहे.

सी विंगमधल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, ही सोसायटी नवी होती तेव्हा पावसाळ्यातल्या रविवारी हेच इथल्या पोरांना येऊरला घेऊन जायचे. पुढे व्हायचं ते वय झालं. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. डॉक्टर म्हणाले सौम्य आहे, नशीब समजा. पण डावा पाय कायमचा ओढत राहिला. फिजिओथेरपिस्ट सांगून थकला, हे काही खाली उतरेनात. लिफ्ट आहे, वॉचमन खुर्ची देतो, तरी नाही. काठी धरून चाललेलं लोकांनी बघायला नको, एवढंच म्हणायचे. आठ महिने घरात गेले.

फुलपाखरं आमच्याकडे आली ती कढीपत्त्यामुळे. गॅलरीतल्या कुंडीतली पानं कोणीतरी कुरतडत होतं. बघते तर पानावर चिमणीच्या शिटेसारखं काहीतरी चिकटलेलं, आणि ते हलतंय. मी साबणाचं पाणी घेऊन आले. हे म्हणाले, "थांब, अळी आहे ती. बघू तरी काय होतंय." पुढे ती शीट दिसेनाशी झाली आणि तिच्या जागी हिरवीगार अळी दिसू लागली. मग एक दिवस काडीला टेकून तिचा कोश झाला, आणि साधारण दहा-बारा दिवसांनी सकाळी चहाच्या वेळी त्यातून काळं फुलपाखरू बाहेर आलं. कॉमन मॉरमॉन. कढीपत्ता, लिंबू अशा झाडांवर त्याची मादी अंडी घालते. ते पंख वाळवत बसलं आणि उडून गेलं. त्याच्या मागे बघत हे म्हणाले, "यांच्यातली आणखी कुठं दिसतील गं?"

आठ महिन्यांत त्यांनी बाहेरच्या जगाबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न. त्यामुळे सहल निवडायची म्हणजे माझ्यासाठी ती नुसती मजा नव्हती.

आणि पहिल्यांदा मी ती चुकीची निवडली. चूक कशी झाली तेही सांगते, म्हणजे तुमची होणार नाही.

मुलाला सुट्टी मे महिन्यात होती. एका टूर कंपनीच्या कागदावर थंड हवेच्या ठिकाणी 'फुलपाखरू उद्यान' असं छापलं होतं. मी ते वाचलं आणि पैसे भरले. काहीच विचारलं नाही. तिथं गेल्यावर कळलं, उद्यान दुरुस्तीसाठी बंद. रोज अडीच-तीन तास बस, उतरा, पॉइंट बघा, परत चढा. यांना चढायला पाच मिनिटं लागायची, सगळी बस वाट बघायची. चार दिवसांत चार फुलपाखरं दिसली. वाटेत हे एका शब्दाने काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र पंधरा दिवस पुन्हा खोलीत. मुलगा म्हणाला, "आई, आता पुरे. बाबांना उगाच त्रास." सूनबाईंनाही तसंच वाटत होतं. मलाही वाटलं, पण तो गॅलरीतला प्रश्न काही डोक्यातून जाईना.

मग पोस्टातल्या सवयीप्रमाणे एक वही केली, आणि पैसे भरण्याआधी काय काय विचारायचं ते लिहून काढलं.

पहिली गोष्ट, महिना. आपली सुट्टी कधी आहे ते नंतर, फुलपाखरांचा हंगाम कधी आहे ते आधी. आपल्या सह्याद्रीत पाऊस ओसरला की, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर, ती सगळ्यांत जास्त दिसतात. कारण सोपं आहे. पावसाने कोवळी पालवी येते, अळ्यांना खायला मिळतं, आणि मग फुलं येतात. आपल्याकडे मे महिन्यात रानं वाळलेली असतात, तेव्हा अळीने खायचं काय? सप्टेंबर महिना तर 2020 पासून देशभर 'बिग बटरफ्लाय मंथ' म्हणून पाळतात.

दुसरी गोष्ट, बंदिस्त घर बघायचं, बाग बघायची की रान. तिन्ही चांगली, पण तिन्ही वेगळी. बंगळुरूजवळ बन्नेरघट्टाला 2006 पासून फुलपाखरांसाठी मोठा घुमट आहे. नातवंडं बरोबर असतील तर तसं ठिकाण छान. दुसरा प्रकार मोकळ्या बागेचा. तिथं फुलपाखरांना हवी ती झाडं लावलेली असतात आणि ती आपणहून येतात. आपल्या घोडबंदर रोडवरची ओवळेकर वाडी अशी आहे, गोरेगावला बीएनएचएसच्या केंद्रातही अशी बाग आहे. आणि तिसरं रान. तिथं कोणी काही लावलेलं नसतं आणि कोणी खात्रीही देत नाही.

तिसरी गोष्ट, पाय. लाजायचं नाही, फोनवर स्पष्ट विचारायचं. गाडी कुठपर्यंत येते? तिथून किती पावलं? चढ आहे का? बसायला काही आहे का? स्वच्छतागृह किती लांब? मी हे सगळं विचारलं तेव्हा दोन ठिकाणच्या लोकांनी "मॅडम, मग कशाला येता?" अशा सुरात उत्तर दिलं. तिसऱ्या ठिकाणचा माणूस म्हणाला, "आजी, स्टूल घेऊन या. फुलपाखरांच्या मागं पळायचं नसतं, ती येतात तिथं बसायचं." मी तिथंच बुकिंग केलं.

चौथी गोष्ट, दिवसाची वेळ. पक्ष्यांसारखं पहाटे पाचला उठायचं कारण नाही, हे आपल्या वयाला फार सोयीचं. फुलपाखरू थंड रक्ताचं, ऊन लागल्याशिवाय त्याला उडता येत नाही. नाश्ता करून, औषधं घेऊन आरामात निघालं तरी चालतं. साधारण नऊ ते बारा ही उत्तम वेळ. ज्या कार्यक्रमात हीच वेळ बसमध्ये जाते, तो आपल्या कामाचा नाही.

पाचवी गोष्ट, किमान तीन रात्री. एक दिवस ढगाळ निघतो, हे धरूनच चालायचं.

या पाच प्रश्नांनंतर जे उरलं ते आंबोली. सिंधुदुर्गात, सावंतवाडीहून घाट चढून साधारण तीस किलोमीटर. घाटाच्या पायथ्याचं पारपोली गावही फुलपाखरांसाठी ओळखलं जातं. ठाण्याहून तुतारी एक्सप्रेस मिळते, सावंतवाडी रोडला उतरलं की पुढे गाडी. पण त्याआधी आम्ही रंगीत तालीम केली. एका रविवारी सकाळी रिक्षाने ओवळेकर वाडीत गेलो. दोन तास जमतात का बघू, नाही जमलं तर आंबोली रद्द. हे दीड तास बसले आणि म्हणाले, "पुरे आता, पाय दुखतोय. पण आंबोली रद्द करू नकोस."

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. पहिल्या सकाळी धुकं. दहापर्यंत काही नाही. मला मे महिना आठवायला लागला. साडेदहाला ऊन पडलं. रस्त्याच्या कडेला एका मोरीपाशी पाणी झिरपत होतं, तिथल्या ओल्या मातीजवळ आमच्या गाइडने यांचं स्टूल ठेवलं. पाचेक मिनिटांत पहिलं ब्लूबॉटल येऊन बसलं. मग दुसरं. मग पिवळसर इमिग्रंट आठ-दहा एकदम. मातीतले क्षार शोषायला ती येतात, आणि येतात ते बहुतेक नर. मादीला भेट म्हणून ते क्षार नेतात असं गाइडने सांगितलं. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "शिक काहीतरी. नर किती कष्ट करतात बघ."

इतक्या महिन्यांनी झालेला विनोद माझ्यावरच झाला, पण मी हसून घेतलं.

थोड्या वेळाने ते आलं. ब्लू मॉरमॉन, आपण त्याला राणी पाकोळी म्हणतो, नीलवंतही म्हणतात. 2015 साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू केलं. असं करणारं आपलं पहिलं राज्य. तळहाताहून मोठं, काळं मखमली, मागच्या पंखांवर फिकट निळा रंग. यांच्या बुटापासून दोन हातांवर बसलं. हे श्वास धरून बसले होते. आणि परत निघताना खूप उंचावरून काळं-पिवळं काहीतरी संथ गेलं. मला पक्षीच वाटला. ते सदर्न बर्डविंग होतं.

दोन तासांत यांनी वहीत तेवीस जाती लिहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून आले तर हे बूट घालून दारापाशी तयार. घरी ज्यांना बूट घाला म्हणून मी महिनोन् महिने विनवत होते, तेच. तिसऱ्या दिवशी धो धो पाऊस. खोलीत बसून पत्ते खेळलो, तेवढे पैसे वाया गेले म्हणा हवं तर. पाय आहे तसाच आहे, तो काही फुलपाखरांनी बरा झाला नाही. पण आता रोज संध्याकाळी कोण खाली उतरतं, ते तुम्ही बघताच आहात.

ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी लांब जावं. उत्तराखंडात भीमतालला फुलपाखरांच्या अभ्यासाचं जुनं केंद्र आहे. ईशान्येकडे, अरुणाचलात नामदाफासारखी रानं आहेत. जाल तिथे एवढं पाळा: पंखाला हात लावू नका, त्यावरचे खवले निघून येतात. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. आणि पकडून आणायचं तर नावच नको, कित्येक जातींना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

आता शेवटचं, आणि हे कमिटीला. डी विंगच्या मागे भिंतीलगत जी रुई, टाकळा आणि पानफुटी माजली आहे, तिथं महोत्सवानिमित्त पेव्हर ब्लॉक घालायचा विषय येत्या वार्षिक सभेत आहे. यांनी वर्षभरात आपल्या आवारात सतरा जाती लिहून ठेवल्या आहेत. रुईवर प्लेन टायगर, टाकळ्यावर इमिग्रंट, पानफुटीवर रेड पिएरो, गेटजवळच्या उंच अशोकांवर टेल्ड जे. रुई गेली की प्लेन टायगरही इथं अंडी घालणार नाही. पार्किंगची अडचण मलाही कळते, आमच्याही मुलाची गाडी बाहेर उभी असते. म्हणून सगळं ठेवा असं म्हणत नाही. भिंतीलगत सहा फूट ठेवा, आणि एक बाक. ज्यांना आंबोलीपर्यंत जाणं जमणार नाही, त्यांची सहल तिथं होईल. सभेत यावर हात वर करण्याआधी एकदा सकाळी दहाला तिथं जाऊन या, एवढीच विनंती.

यंदा कुठं जायचं ते आमचं अजून ठरलेलं नाही. हे भीमताल म्हणतात, मी स्वच्छतागृह किती लांब ते विचारते आहे. काठी वर झाली, म्हणजे बोलणं लांबलं. थांबते.