देवराईत पाहुण्यासारखं जावं



बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या की वर्षातून एकदा हमखास विषय निघतो: यंदा सहलीला कुठं जायचं? कुणी जेजुरी म्हणतं, कुणी महाबळेश्वर. आमच्या वस्तीतल्या गटांनी गेली दोन वर्षं वेगळी वाट धरली आहे. आम्ही देवराईत जातो. आज त्याबद्दल बोलू या.

देवराई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. सह्याद्रीतल्या कितीतरी गावांनी असं रान राखलं आहे. कुठं ते भैरोबाचं असतं, कुठं वाघजाईचं, कुठं काळकाईचं. त्या रानात कुऱ्हाड चालत नाही. काही गावांत तर पडलेली वाळकी काटकीसुद्धा घरच्या चुलीसाठी उचलत नाहीत. नियम गावागावाचा वेगळा, पण नियम आहे म्हणून रान आहे.

आम्ही गेलो ते आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याला. शिवाजीनगरहून घोडेगावपर्यंत एसटी मिळते. मार्च 2023 पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या. घोडेगावच्या पुढं मात्र गाड्या कमी, म्हणून आम्ही जीप आधीच सांगून ठेवली होती. पुढं डिंभे धरणाचं पाणी बराच वेळ सोबत करतं. दिसायला फार सुंदर. पण त्या पाण्याखाली भातखाचरं आहेत, घरांचे चौथरे आहेत. आमच्यातल्या एकीच्या आजोळचं गाव त्यातच गेलं. ती त्या रस्त्यावर खिडकीतून बाहेर बघत गप्प बसली होती.

त्याच वाटेवर माळीणचा फाटा लागतो. 30 जुलै 2014 च्या सकाळी तिथं डोंगर खाली आला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. म्हणून आमचं पहिलं सांगणं: भर पावसाळ्यात या भागात हौसेनं जाऊ नका. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे दिवस चांगले. आणि दुसरं, ज्या डोंगराचे आपण फोटो काढतो तो तिथल्या बायकांचं घर आहे, पावसात त्याच डोंगराची त्यांना भीतीही वाटते, हे मनात असू द्या.

आहुपे गाव अगदी घाटमाथ्याच्या कडेवर आहे. कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण दिसतं, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके. वस्ती महादेव कोळी समाजाची. भात, नाचणी, वरई ही पिकं, आणि हातात रोख पैसा यायचा तो मुख्यतः हिरड्यातून. कोवळी फळं झाडावरून पाडायची, उन्हात काळी पडेपर्यंत वाळवायची आणि विकायची. हाच बाळहिरडा. औषधासाठी त्याला मागणी असते. झाडावर चढतात बहुधा पुरुष. वेचणं, वाळवणं, राखणं ही कामं बायकांची.

भैरवनाथाची देवराई गावाजवळच आहे. आत शिरलं की ऊन एकदम कमी होतं. पायाखाली पाचोळ्याचा जाड थर. हिरडा, जांभूळ, अंजन, आणि झाडांवर चढलेल्या मांडीएवढ्या जाड वेली. वर फांद्यांत शेकरूची घरटी. शेकरू म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी, मोठी तांबूस खार. तिच्यासाठी प्रसिद्ध असलेल्या भीमाशंकर अभयारण्याचाच हा परिसर. आम्ही पंधरा जणी होतो आणि पंधरा जणी गप्प बसणं सोपं नाही, हे तुम्हाला सांगायला नको! पण दहा मिनिटं सगळ्या बसल्या. घरात मिक्सर, टीव्ही, बाहेर रिक्षा, रात्री डीजे. इतकी शांतता आपण शेवटची कधी ऐकली, हेच कुणाला आठवेना.

आता गटाच्या भाषेत सांगतो. देवराई ही गावाची मुद्दल आहे. मुद्दलीला हात लावायचा नाही, व्याजावर भागवायचं. व्याज कोणतं? पाणी. पाचोळ्याचा थर पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो, म्हणून कितीतरी देवरायांच्या पोटातून झरे निघतात. औषधी पाला आणि साल, आजूबाजूला पसरणारं बी, मधमाश्या हेही व्याजच.

हे जुन्या बायकांना ठाऊक होतं. पुण्यातल्या दोन शास्त्रज्ञांनी, डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी, 1970 च्या दशकात गावोगाव फिरून ते लिहून ठेवलं. त्यांच्याकडे श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी मदत मागितली होती: आमची देवराई तोडली जाऊ नये, कारण आमचं पाणी तिच्यावर आहे.

बाकीच्या डोंगरावरची झाडं कुठं गेली? त्याचं एक उत्तर आपल्या पुण्यात आहे. पानशेत धरणाच्या कामासाठी डोंगरात रस्ते झाले, त्या रस्त्यांनी कोळशाचे व्यापारी पोचले आणि उतारावरची झाडं कोळसा होऊन शहरात आली, असं गाडगीळांनी लिहिलं आहे. आपल्या आज्या-सासवांच्या शेगड्या कोळशावरच पेटायच्या. त्यांचा दोष नाही, पण रान कुठं गेलं हे आपल्याला माहीत असावं.

आता एक अवघड गोष्ट. देवळासमोर आमच्यातल्या काही जणींनी ठरवलं की वर्गणी काढून इथं फरशी आणि पत्र्याची शेड बांधून द्यावी. भावना चांगलीच होती. गावातल्या तरुण सुनांनाही ते पटलं. पावसात नैवेद्य घेऊन उभं राहायला आडोसा नाही, देवाला छप्पर नको का, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा गावातल्या एक म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "शेड आली की गाडीरस्ता मागतील. रस्ता आला की झाडं जातील. आमच्या देवाला सावली पुरते." दोन्ही बाजूंनी बरंच बोलणं झालं. खरंही आहे, मोठं देऊळ बांधण्यापायी देवराई विरळ झाली, असं सह्याद्रीत बऱ्याच ठिकाणी घडलं आहे. पण पावसात भिजणाऱ्या सुनेला आपण शहरातून येऊन "भीज" म्हणून कसं सांगावं? आम्ही एवढंच ठरवलं की हा निर्णय गावाचा आहे, आपल्या वर्गणीच्या जोरावर तो होऊ नये. वर्गणी काढली नाही.

त्याऐवजी पैसे दुसरीकडे दिले. गावातल्या बायकांनी आमचा स्वयंपाक केला: नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, भात. ताटाचा दर आम्ही आधी फोनवर विचारला होता आणि घासाघीस केली नाही. पैसे त्यांच्याच हातात दिले. निघताना हिरडा आणि नाचणीही विकत घेतली. राखणाऱ्या घरात चार पैसे आले, तर राखणं परवडेल.

तर मैत्रिणींनो, तुमचा गट जाणार असेल तर एवढं करा. गावाला आधी कळवा. आत काय चालतं, काय नाही, हे तिथल्या बाईला विचारा. चप्पल कुठं काढायची तेही. स्पीकर नेऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीतली ओटी नको. कापडी पिशवीत न्या आणि पिशवी परत आणा. फूल, पान, बी काही तोडून आणू नका. कुंडीत लावायलासुद्धा नाही.

माहेरी गेल्यावर आपण आईला न विचारता कपाट उघडत नाही. इथं तर आपण पाहुण्या आहोत. पुढच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला की देवराईचं नाव सुचवा, आणि त्याआधी एक फोन गावाला करा.