घरावर तुळशीपत्र न ठेवणारा कार्यकर्ता

(पन्हाळा येथे कॉ. गोविंद पानसरे यांच्या स्मृत्यर्थ भरलेल्या सभेतील भाषण)



कार्यकर्त्याचा गौरव करावयाचा झाला की आपल्याकडे एक ठरलेले वाक्य उच्चारले जाते : 'त्यांनी घरावर तुळशीपत्र ठेवले.' वाक्य संपताच टाळ्या पडतात. परंतु त्यानंतर त्या घरातली चूल कोणी पेटती ठेवली, मुलांची फी कोणी भरली, म्हाताऱ्यांची दुखणीबाणी कोणी निस्तरली, ह्याची नोंद गौरवग्रंथात सापडत नाही. ती बहुधा एका बाईने निमूटपणे पार पाडलेली असते. आज ज्यांच्या स्मरणार्थ आपण ह्या गडावर जमलो आहोत, ते कॉम्रेड पानसरे ह्या वाक्यात बसत नाहीत. साठ वर्षांहून अधिक काळ त्यांनी चळवळीचे काम केले आणि ते घराला बरोबर घेऊन केले. त्यांच्या आयुष्याचा हा धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

त्यांचा जन्म १९३३ साली, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील कोल्हार गावी झाला. घरची गरिबी एवढी की आई शेतमजुरीला जात असे. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले आणि कोल्हापूरचेच झाले. त्यांनी वर्तमानपत्रे विकली, नगरपालिकेत शिपायाची नोकरी केली, शाळेत शिकवले, कायद्याची पदवी घेतली आणि १९६४ पासून कामगारांची वकिली केली. जो स्वतः शिपाई होता, त्याला शिपायाच्या पगारातील तूट पुस्तकातून समजून घ्यावी लागत नाही. असंघटित कष्टकऱ्यांना ते आपले माणूस वाटत, ते ह्यामुळेच.

ते कम्युनिस्ट पक्षाचे होते, आपण समाजवादी. संयुक्त महाराष्ट्राच्या आणि गोवामुक्तीच्या लढ्यात दोन्ही झेंडे शेजारी शेजारी होते. एरवी वादही कडाक्याचे झाले. ते वाद आज झाकण्याचे कारण नाही. मतभेद असलेल्या माणसाबद्दल मनापासून आदर बाळगता येतो, ही लोकशाही चळवळीची कमाई आहे.

पानसऱ्यांच्या घरात राजकारण उंबऱ्याबाहेर ठेवले जात नसे. मुलगा अवी चळवळीत आला. सून मेघाताई शिवाजी विद्यापीठात रशियन भाषेच्या अध्यापिका आणि स्वतःच्या बळावर उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्या. २००३ साली अवी अकाली गेला. सत्तरीच्या बापावर कोसळणारे ह्याहून मोठे दुःख कोणते? ते दुःख त्यांनी मिरवले नाही आणि पुरूनही टाकले नाही. अवीच्या नावाने कोल्हापुरात व्याख्यानमाला सुरू झाली. तेथे नामवंत विचारवंत आले, तरुण मुले वह्या घेऊन समोर बसू लागली. एका घरातला रिकामा कोपरा गावाच्या विचाराची जागा झाला.

कुटुंब हा राजकारणाचाच प्रश्न आहे, हे त्यांनी आणखी एका अंगाने ओळखले होते. जात सभेच्या मंडपात जन्मत नाही. ती स्वयंपाकघरात पोसली जाते आणि सोयरिकीच्या बैठकीत पक्की होते. म्हणून जातिअंताच्या ठरावांवर न थांबता आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह करणाऱ्या तरुणांच्या पाठीशी ते उभे राहिले. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहूंनी १९१९ साली अशा विवाहांना कायद्याचा आधार दिला होता. त्याला शंभर वर्षे उलटून गेली, तरी ह्याच मातीत अशा जोडप्याला भाड्याची खोली शोधताना धाप लागते. ती खोली मिळवून देणे, साक्षीदार म्हणून सही करणे, चिडलेल्या बापाशी चार वेळा जाऊन बोलणे, हे काम वर्तमानपत्रात छापून येत नाही. ते करायला घरंदाज मन लागते. दुसऱ्याचे पोर आपले मानणारे मन लागते.

आपण पन्हाळ्यावर बोलत आहोत, म्हणून त्यांच्या 'शिवाजी कोण होता?' ह्या पुस्तकाची आठवण अपरिहार्य आहे. १९८८ साली निघालेल्या ह्या छोट्या पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. रयतेचा राजा त्यांनी रयतेला तिच्याच भाषेत समजावून सांगितला. १६६० च्या पावसाळ्यात सिद्दी जौहरचा वेढा ह्याच गडाला पडला होता. महाराज विशाळगडाकडे निघाले आणि त्यांच्या वेषात पालखीत बसून मृत्यूला सामोरे गेले ते पायथ्याच्या नेबापूरचे शिवा काशीद; जातीने नाभिक. त्या रात्री शिवा काशिदांच्याही घरी कोणी वाट पाहत असेल. इतिहासाने त्या घराची नोंद ठेवली नाही. सामान्य माणूस राजासाठी मरायला का तयार होतो, हा प्रश्न ज्याला पडतो त्यालाच शिवाजी कळतो. आपल्या कष्टाचे पीक लुटले जाणार नाही, आपल्या लेकीबाळींची अब्रू राखली जाईल, हा भरवसा मिळाल्यावर माणूस राज्याला आपले घर मानू लागतो.

अखेरच्या वर्षांत ऐंशीच्या घरातले पानसरे आणि प्रा. एन. डी. पाटील कोल्हापूरच्या टोलविरोधी लढ्यात तरुणांच्या पुढे चालत होते. टोल रद्द झाल्याची घोषणा २०१५ च्या डिसेंबरात झाली. ती ऐकायला पानसरे नव्हते. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी फिरून परतताना घराजवळ त्यांच्यावर आणि पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला त्यांचे निधन झाले, उमाताई बचावल्या. मारेकऱ्यांनी नवरा-बायकोत फरक केला नाही, हे तुळशीपत्राची भाषा बोलणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे. पुढे उच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली ती त्याच घराने. २०२२ मध्ये तपास दहशतवादविरोधी पथकाकडे गेला, २०२३ मध्ये आरोप निश्चित झाले. दरम्यान कोल्हापूरकर दर महिन्याच्या २० तारखेला 'निर्भय मॉर्निंग वॉक'ला निघू लागले. ज्या साध्या सवयीवर गोळी झाडली गेली, तीच सवय लोकांनी सार्वजनिक केली.

साथींनो, तसबिरीला हार घालणे सोपे असते. अवघड आहे ते आपल्या घरात आपली मते सांगणे. सभेत समतेवर बोलणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांच्या घरी सुनेला वर्तमानपत्र आधी मिळते? मुलाने वा मुलीने जातीबाहेरचे नाव घेतले, तर आपण त्या रात्री नेमके काय बोलू? पुढच्या बैठकीला येताना घरातल्या एकाला तरी बरोबर आणा. ज्या दिवशी आपली बायको, मुले, सुना आपल्या कामाबद्दल आपल्याला उलट प्रश्न विचारतील, त्या दिवशी पानसऱ्यांचे स्मरण खऱ्या अर्थाने सुरू झाले असे मी समजेन.

कॉम्रेड गोविंद पानसरे यांना विनम्र अभिवादन.